खुडूक कोंबडी आणि निम्म्या किमतीचे कुकर

आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. पाणी जड. गाव माळावर वसलेलं. घरामागच्या उकिरड्यावर उभं राहिलं की सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी लांबवर चकाकताना दिसायचं, पण ते बघण्यापुरतं. चुलीवर चढायचं ते विहिरीचंच. माय सकाळी तुरीची डाळ चढवून तुराट्यांचा जाळ लावायची. मग पाण्याच्या खेपा व्हायच्या, वाड्यातल्या मेंढरांच्या लेंड्या झाडून व्हायच्या, भाकरी थापून टोपलं भरायचं, तरी डाळीचा दाणा बोटात दाबला की कचकन फुटायचा. शेवटी वैतागून ती चिमूटभर सोडा टाकायची आणि वरणाला साबणासारखी चव यायची. आम्ही ते ठेच्याच्या जोरावर खाली ढकलायचो. मी जन्माचीच उतावळी. चुलीपुढं बसून दर घटकेला झाकण काढायची, पळीनं ढवळायची, जाळ वाढवायची, आणि वर धूर डोळ्यात गेला म्हणून चिडायची. माय म्हणायची, "हिला चुलीजवळ बसवू नका. ही डाळीच्या आधी शिजती."

दादा म्हणजे माझे वडील. थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात ज्वारी आणि तूर, आणि बाकी सगळा जीव मेंढरांवर. रिकामे बसले की त्यांच्या हातात टकळी फिरायची, लोकरीचं सूत निघत राहायचं. बोलतानाही ते हाताकडं बघत नसत. पण पंचक्रोशीत दादांची ओळख होती ती त्यांच्या खांद्यावरच्या रुमालामुळं. बाजारात शेळी-मेंढीचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये एक माणूस बसायचा, हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून भाव कळवायचा. कोणतं बोट धरलं, किती धरली, त्यावर रक्कम. पटलं नाही तर हात मागं घ्यायचा, पटलं तर समोरच्याचा पंजा दाबायचा. पंजा दाबला की संपलं. त्यानंतर कुणी जास्त पैसे घेऊन आला तरी सौदा फिरत नसे. औंढ्याच्या बाजारात त्या मधल्या जागी लोक दादांना बोलवायचे, कारण त्यांचा हात कधी खोटा पडला नव्हता. बायकांना त्यातलं काही शिकवत नसत. मी फारच मागं लागले तर दादा म्हणायचे, "तुला काय बकरे इकायचेत? अभ्यास कर."

अभ्यास मी करत होते. औंढ्याला अकरावीला होते, वाणिज्य शाखेला, एस्टीनं जाऊन-येऊन. हिंगोली तेव्हा नुकती जिल्हा झाली होती आणि आमच्या भागातल्या प्रत्येकाला आपली काहीतरी बढती झाल्यासारखं वाटत होतं.

त्या वर्षी शिवरात्रीच्या जत्रेआधी औंढ्याच्या एका भांड्यांच्या दुकानाची भोंग्याची रिक्षा गावात आली. माता-भगिनींनो, जत्रेनिमित्त खास सवलत, कोणतंही जुनं भांडं आणा आणि नवाकोरा प्रेशर कुकर निम्म्या किमतीत घेऊन जा. निम्म्या किमतीत, हो, निम्म्या किमतीत. बाई बोलत होती का बाप्या ते कळू नये असा तो चिरका आवाज गल्लीतून फिरला आणि चुलीपुढच्या बायका पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. ज्या गावात डाळ शिजत नाही त्या गावात कुकर म्हणजे काय, हे गोड्या पाण्याच्या गावातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. परवा माझी लेक फोनवर काहीतरी मागवत होती. मोठा आकडा खोडलेला, त्याच्या खाली बारका आकडा लाल अक्षरांत. म्हणाली, "मम्मी, बघ किती वाचले." मी तिला विचारलं, खोडलेला आकडा खरा होता हे तुला कुणी सांगितलं? तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिच्या लग्नात खोडा घातला. घरात आता कुणी माझ्यासमोर खरेदी करत नाही, हेही खरं.

आमच्या शेजारी गयाकाकू राहायच्या. जिभेला तिखट, हाताला सढळ. त्यांनी आदल्याच वर्षी लेकीच्या रुखवतात त्याच दुकानातून कुकर घेतला होता, त्यामुळं कुकरची किंमत सगळ्या गल्लीला पाठ होती. तिच्या निम्मे किती, हा हिशेब बायकांनी चुलीला पोतेरं फिरवता फिरवता करून टाकला. मग गयाकाकू आमच्या दारात आल्या.

"भावजी, आमी बायका गेलो तर सेठ आमाला फिरवील. तुमी आदी जाऊन सौदा करून या. आपल्या गल्लीचे समदे कुकर एका जागीच घेऊ."

दादांना हे बराबर वाटलं. माल जास्त, गिऱ्हाईक एकगठ्ठा, मग मधला माणूस पाहिजेच. दुसऱ्या दिवशी ते माझ्या कॉलेजच्या वेळी औंढ्याला आले आणि आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. जत्रेची गर्दी सुरू झाली होती. सेठ गल्ल्यावर बसून एकाला परात दाखवत होते, दुसऱ्याला सुट्टे देत होते, तिसऱ्याला पाणी पाजत होते. दादांनी राम राम केला, गावाचं नाव सांगितलं, इतक्या घरांना कुकर पाहिजेत म्हणाले. सेठ खूश झाले. मग दादांनी काय केलं, तर खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात गल्ल्यावरून पुढं केला. सेठ क्षणभर बघत राहिले. मग हसले आणि त्यांनी आपला हात रुमालाखाली घातला. दादांच्या मनगटाची शीर हलताना मला दिसली. सेठचं तोंड परातवाल्याकडं होतं. त्यांनी दादांचा पंजा चांगला घट्ट दाबला आणि म्हणाले, "बराबर, काकाजी, एकदम बराबर. घेऊन या सगळ्यांना."

दादा बाहेर आले ते छाती भरून. मला जत्रेतले भजे खाऊ घातले आणि घरी येऊन गल्लीत सांगितलं की मागच्या वर्षीच्या भावाच्या निम्म्यावर सौदा झाला, सेठनं हात दाबला.

जत्रेच्या दिवशी आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालो. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक भांडं. कुणाची पितळी गुंडी, कुणाची चेपलेली चरवी. मायनं तिच्या माहेरची परात घेतली होती, गयाकाकूंनी तांब्याची घागर. लेकरं जत्रेला म्हणून वेगळी चढलेली. दुकानात गेल्या गेल्या नोकरांनी भांडी घेतली, मागच्या अंगणात नेली आणि हातोडीनं चेपून ढिगावर टाकली. आवाज पुढच्या खोलीत येत होता. मग कुकरचे डबे आले, आणि सेठनं प्रत्येकीला आकडा सांगितला. तो आकडा म्हणजे गयाकाकूंनी आदल्या वर्षी दिलेली अख्खी किंमत होती.

गयाकाकू म्हणाल्या, "सेठ, ही तर पुरी किंमत झाली."

"नाही मावशी, निम्मीच आहे. डब्ब्यावर छापली तिच्या निम्मी. वाचून घ्या." सेठनं डबा फिरवून माझ्यापुढं धरला, मी शाळा शिकलेली दिसत होते म्हणून. चकचकीत पट्टीवर आकडा होता, मागच्या वर्षीच्या बरोबर दुप्पट. "वर्षभरात कंपनीनं भाव वाढवले, त्याला मी काय करू?"

दादा पुढं झाले. "सेठ, तुमी माझा हात दाबला व्हता."

"काकाजी, तुम्ही हात दिला, मी घेतला. गिऱ्हाईकाच्या हाताला नाही कसं म्हणायचं?"

हाताबद्दल सेठ खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं आणि त्यानंच मी जास्त पेटले. त्यांना रुमालाखालची बोटं कळत नव्हती. म्हाताऱ्या गिऱ्हाईकाची काहीतरी रीत असेल म्हणून त्यांनी आपुलकीनं पंजा दाबला होता. दादांच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं की जगात भाव करणारा माणूस असेल आणि त्याला बोटं कळत नसतील. ते तसेच उभे राहिले, रुमाल हातात. भांडी तर चेपली गेली होती, परत मागायची सोय नव्हती. बायकांनी एकमेकींकडं बघत कनवटीचे पैसे सोडले. बांगड्यांचे, लेकरांच्या रेवड्यांचे, आकाशपाळण्याचे, सगळे त्यात गेले. आणि दुकानाच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, गयाकाकूंनी दादांना विचारलं, "भावजी, तुमचं किती ठरलंय सेठसंगं?"

दादांनी हातातला रुमाल खांद्यावर टाकला. मी बोलणार होते, मायनं माझा दंड असा धरला की वळ उठला. ट्रॉलीत परत येताना लेकरं आकाशपाळण्यासाठी रडत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या महिन्यात डोळ्यांनी बघितलं. सेठ लांब औंढ्याला, त्याच्यावर किती दिवस चिडणार? दादा समोरच होते. त्यांनी सेठकडून दलाली खाल्ली, ही गोष्ट पाणवठ्यावर गेली, तिथून पिठाच्या गिरणीवर आणि तिथून बाजारात. आमच्या घरात मायनं कुकर पहिल्यांदा चढवला तेव्हा शिट्टी झाली आणि वाड्यातली मेंढरं बिथरून काटेरी कुंपण तोडून पळाली. एरवी आम्ही आठ दिवस हसलो असतो. डाळ लोण्यासारखी शिजली होती. दादांनी ती भाकरीत कुस्करली आणि अर्धी ठेवून उठले. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या एकेका घरातून शिट्ट्या सुरू व्हायच्या, इकडून एक, तिकडून एक, आणि दर शिट्टीला दादांची टकळी थांबायची. मी कानांत बोटं घालून पुस्तक वाचायचा प्रयत्न करायची. मग पुस्तक आदळायची, अंगणात जायची, परत यायची. त्या दिवसांत मला कुठंच बसवत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तर आणखी वाईट. दादा नेहमीच्या लिंबाखाली जाऊन बसायचे आणि कुणी बोलवायचं नाही. टवाळखोर लांबून विचारायचे, "काय मारोतीदा, शिट्टी झाली का?" दिवस कलला की दादा उठून, रुमाल झटकून घरी यायचे. मायला सांगायचे, आज बाजार थंडच होता. बाजार थंड नव्हता. मी कॉलेजातून येताना तिकडूनच यायची आणि दुसऱ्याच एका माणसाच्या रुमालाखाली हात जाताना बघायची.

आमच्या पुस्तकात ग्राहकाच्या हक्कांचा एक धडा होता. परीक्षेपुरता वाचलेला. एका दुपारी एस्टीत बसून मी तो पुन्हा वाचला आणि मला घरी पोचेपर्यंत दम निघेना. खोटी किंमत दाखवून माल विकला तर जिल्ह्याच्या ग्राहक मंचात तक्रार करता येते, वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. मी दादांना सांगितलं, आपण तक्रार करू.

"कोनाची? माझ्या हाताची?" दादा म्हणाले.

"सेठची. वर्षात भाव दुप्पट कसा होईल? ती पट्टी खोटी आहे."

"तू शिद्ध करशील?"

माय म्हणाली, "करू द्या तिला. न्हाईतर ही घरात बसून आपल्यालाच उकडून काढील."

सिद्ध करायला डबा पाहिजे होता. आणि पुठ्ठ्याचा डबा म्हणजे आमच्याकडं चूल पेटवायची उत्तम वस्तू. आमचा डबा मायनं पहिल्याच संध्याकाळी जाळला होता. मी गल्लीत घरोघर फिरले. सगळ्यांच्या डब्यांची राख भांडी घासून नाल्यात गेली होती. राहिल्या गयाकाकू. त्या आमच्याशी बोलत नव्हत्या, पण मला त्यांच्या दारातून आत शिरायला कधी परवानगी लागली नव्हती, तेव्हाही मी विचारली नाही. डबा होता. कोपऱ्यात, उतरंडीच्या आडोशाला, आणि त्यात भुसा घालून त्यांची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती.

मी वाकून बघितलं. ओलीनं आणि कोंबडीच्या नखांनी चकचकीत पट्टीचा कोपरा सुटला होता. तिच्या खाली, पुठ्ठ्यावरच छापलेला दुसरा आकडा अर्धा दिसत होता. मागच्या वर्षीचा. मी हात घातला आणि कोंबडीनं माझ्या बोटाला अशी टोच मारली की रक्त आलं.

"हात लावू नको. अंडी गार पडतील," गयाकाकू मागून म्हणाल्या.

"काकू, खाली जुना भाव छापलेला हाय. मला डबा द्या. कोंबडीला मी दुसरं टोपलं आणते."

"खुडूक कोंबडी जागा बदलती का? पिल्लं निघाल्याबिगर डब्बा हलनार न्हाई. तुझ्या बापाच्या शब्दावर माझी घागर गेली. आता तुझ्या शब्दावर अंडी घालवू?"

मग रोज जाऊन बसणं सुरू झालं. कॉलेजातून आले की दप्तर टाकायचं आणि गयाकाकूंच्या कोपऱ्यात उकिडवं बसायचं. पट्टी पूर्ण फाटली तर? त्यांच्या घरातल्या कुणी जाळला तर? कोंबडी त्याच बाजूनं शिटली तर? मी रात्री झोपेत कोंबड्या हाकत होते असं माय सांगते. आज मला त्याचं हसू येतं. तेव्हा त्या कोंबडीचा इतका राग यायचा की मी तिच्याकडं बघून दात-ओठ खायची, आणि ती माझ्याकडं एका डोळ्यानं बघून पिसं फुगवायची. अख्ख्या जिल्ह्याचा न्याय तिच्या पोटाखाली, आणि तिला घाई नाही.

गयाकाकू आधी माझ्याकडं पाठ करून काम करायच्या. पण रोज घरात येऊन बसणाऱ्या पोरीशी किती दिवस अबोला धरणार? एक दिवस त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "निम्मे म्हंजे, तेनं आदी दुप्पट केले आन् मंग निम्मे केले?"

"व्हय."

"मंग रिक्षात तेवढं बोंबलायचं काहून?"

"तुमी-आमी जावं म्हणून."

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. मग म्हणाल्या, "भावजीला तेच्यातून काय मिळालं?"

"काय मिळनार काकू? आमची परात गेली. मायच्या माहेरची."

त्या उठून चुलीकडं गेल्या.

पिल्लं निघाली तेव्हा हाक मारायला त्या स्वतः आमच्या कुंपणापर्यंत आल्या, पण आत आल्या नाहीत. डब्यातला भुसा झटकून, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसून, त्यांनी तो माझ्या हातात दिला. "नीट ने. तळ भिजलाय." मी तक्रार लिहिली त्यावर पहिला अंगठा त्यांचा, मग बाकीच्या बायकांचे, आणि सगळ्यात खाली दादांची मोडकीतोडकी सही.

हिंगोलीच्या मंचात आम्ही गेलो तेव्हा पाऊसकाळ लागला होता. डबा मी पिशवीत घालून छातीशी धरला होता, एस्टीत बाजूच्या बाईनं नाकाला पदर लावला. जायच्या आधी मी दादांना बजावून सांगितलं होतं की रुमालाचं काही बोलायचं नाही. फक्त पट्टीचं बोलायचं. सेठनं वकील दिला होता. त्यानं सरळ दादांनाच विचारलं, "तुम्हाला कुकरचा भाव कोणी सांगितला?"

"कोनी न्हाई. म्या सांगितला. रुमालाखाली."

वकिलानं पुन्हा विचारलं, आणि दादांनी सगळं सांगितलं. बोटं, पंजा, सेठनं दाबलेला हात. आपल्या पाळीची वाट बघत बसलेली माणसं हसायला लागली. वकील म्हणाला, म्हणजे आमच्या अशिलानं भाव सांगितलाच नव्हता, तो ठरलाच नव्हता. दादा म्हणाले, "तेच तर." मला धरणी फाटावी असं झालं. एवढंच खरं सांगायचं की सेठ हसले नाहीत. ते खाली बघत होते.

अध्यक्षांनी डबा मागितला. कारकुनानं तो दोन बोटांत धरून टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी पट्टीचा सुटलेला कोपरा धरून ती सगळीच सोलली, खालचा आकडा मोठ्यानं वाचला आणि सेठना विचारलं, वाढीव भावानं माल घेतल्याचं कंपनीचं बिल आहे का? पुढच्या तारखेला आणतो म्हणाले. पुढच्या तारखेला नव्हतं, त्याच्या पुढच्याही नव्हतं. दिवाळी होऊन ज्वारी हुरड्याला आली तेव्हा निकाल लागला. जाहिरात फसवी होती. जास्तीचे पैसे परत द्यावेत, चेपलेल्या भांड्यांची किंमत द्यावी.

मी निकालाचा कागद घेऊन माळावरून पळत घरी आले. दादा वाड्याच्या तोंडाशी बसले होते. मी उभ्या उभ्या सगळा वाचला, सरकारी मराठीचा अर्थ सांगत सांगत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"डब्ब्याचं लिहिलंय," ते म्हणाले.

"व्हय. भांड्याचंबी लिहिलंय."

"माझ्या हाताचं?"

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. "न्हाई, दादा."

त्यांनी मान हलवली आणि टकळी उचलली. मला इतका संताप आला की काय सांगू. कुणावर, तेही कळेना. एवढी धडपड करून जिंकून आणलं आणि ह्यांचं तोंड तसंच. आता वाटतं, माझी लढाई सेठशी होती, आणि त्यांची लढाई त्या मंचात लढता येण्यासारखी नव्हतीच.

पैसे आले. बायकांनी घेतले, एकमेकींत वाटले, कुणी नवी गुंडी आणली. आमच्या दारात येऊन कुणी काही बोललं नाही. आमच्याकडं चुकलं असं तोंडानं म्हणायची पद्धत नाही. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी सकाळी गयाकाकू कुंपणाच्या आत आल्या. हातात दोरी आणि दोरीला त्यांची काळी शेळी.

"भावजी, बाजाराला निघाले का? हिला इकायची हाय. तुमीच बघा."

मायनं चुलीवर चहा टाकला. दादांनी शेळीचे दात बघितले, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला, आणि खुंटीवरचा रुमाल खांद्यावर घेतला. सुटी होती म्हणून मीही निघाले. खरं तर मला घरी थांबवलंच नसतं.

लिंबाखाली गर्दी होती. कुकरच्या शिट्टीची टवाळी करणारेही होते. गयाकाकू शेळीची दोरी धरून दादांच्या शेजारीच उभ्या राहिल्या, बाजारात बायका सहसा उभ्या राहत नाहीत तशा, आणि सगळ्यांकडं अशा बघत होत्या की कुणाची शिट्टी वाजली नाही. डोंगरकडा गावाकडचा एक जुना व्यापारी आला. दादांनी त्याच्याबरोबर आयुष्यभर सौदे केले असतील. शेळी बघून झाली. तो पुढ्यात बसला, हात पुढं केला. दादांनी रुमाल टाकला. पण स्वतःचा हात आत घातला नाही. तो गुडघ्यावरच ठेवून त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, "पाव्हणं, बोटं कळत्यात ना तुमाला?"

व्यापारी हसायला लागला. "मारोती, येडा झाला काय? माझ्यासंगं जिंदगी काढली आन् आज इचारून राहिला?"

"सांगा तर."

तेव्हा तो हसायचा थांबला. "कळत्यात," तो म्हणाला. मग दादांनी हात रुमालाखाली घातला.

शेळीला भाव चांगला आला. परत येताना उन्हं उतरली होती, दादा पुढं चालत होते. गयाकाकू मोकळी दोरी हाताला गुंडाळत माझ्या बरोबरीनं चालत होत्या. नाल्याच्या उतारावर त्यांनी हळू आवाजात मला म्हटलं, "तुझा बाप आदी असं इचारत नव्हता गं."

मी म्हणाले, "न्हाई काकू. नव्हता इचारत."